म्हाताऱ्या घोड्याचा मानाचा दिवस कसा करायचा

अलिबाग, नागाव, काशीद, मुरुड, पार खाली गणपतीपुळ्यापर्यंत, जिथे जिथे टांगा नाहीतर घोड्याच्या फेऱ्या चालतात तिथे कोणाच्या ना कोणाच्या दारात एक म्हातारा घोडा असतोच. डोळ्यांच्या वर खड्डे पडलेले, तोंडावर पांढरे केस आलेले, पाठ मधे बसलेली. ह्याच घोड्याने ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत टांगा ओढलेला असतो, लग्नसराईत नवरदेव मिरवलेले असतात, आणि घरातल्या पोरांच्या शाळेच्या फिया, बहिणीचं लग्न, घराचं छप्पर हे सगळं त्याच्याच कमाईवर झालेलं असतं. अशा घोड्याचा वर्षातून एक दिवस करावा असं मला मनापासून वाटतं, आणि आमच्या भागात दोन-चार घरी तो होतोही. पण केक, डीजे, शंभर माणसं आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल असा कार्यक्रम केला की हौस माणसांची होते आणि घोडा बिचारा कान मागे टाकून कोपऱ्यात उभा. म्हणून खाली जे लिहिलंय ते सगळं एवढ्यासाठीच की तो दिवस घोड्याला चांगला गेला पाहिजे, त्याच्या दातांना, पायांना, पोटाला आणि मनाला झेपेल असा.

आधी वय. घोडा साधारण २५ ते ३० वर्षं जगतो, नीट सांभाळला तर तीसच्या पुढेही जातो, आणि पंधरा-वीसच्या पुढे गेला की त्याला म्हातारा धरून सांभाळायला लागायचं. आपल्याकडे जन्माचा दाखला कोणाकडे असतो? सारंगखेड्याच्या नाहीतर माळेगावच्या बाजारातून आणलेला असतो, विकणाऱ्याने "पाच वर्षांचा आहे" सांगितलेलं असतं आणि मग आपण तिथून मोजतो. तर दात बघा. आमच्या शेजारचे टांगेवाले काका दाखवतात तसं, घोड्याच्या शेजारी उभं राहायचं, एका हाताने हळूच वरचा ओठ बाजूला करायचा आणि वरच्या जबड्यातल्या पुढच्या दातांमधला अगदी कडेचा दात बघायचा, त्याच्यावर हिरडीपासून खाली उतरणारी तपकिरी उभी रेघ असते. ती साधारण दहाव्या वर्षी हिरडीजवळ दिसायला लागते, पंधराला अर्ध्या दातापर्यंत येते, विसाला पूर्ण दातभर, आणि मग वरून पुसत जाते, पंचविसाला वरची अर्धी गेलेली असते आणि तिसाला पूर्ण नाहीशी. हे काही घड्याळ नाही, दोन-चार वर्षं इकडेतिकडे होतात, पण बाजारातल्या बोलण्यापेक्षा बरं. ह्यावरून जे वर्ष येईल ते वहीत लिहून ठेवा.

दिवस कुठला धरायचा? जन्मतारीख माहीत नसेल तर ज्या दिवशी तो घरी आला तो दिवस, घरातल्या आजीला बरोबर आठवत असतो. ते पण नसेल तर दसरा, तो तसाही घोड्यांचा, वाहनांचा, हत्यारांचा मानाचा दिवस. पूजा दसऱ्याला सकाळी करा, उन्हं चढायच्या आत, आठपर्यंत आटोपली पाहिजे कारण आपल्याकडची ऑक्टोबरची काहिली म्हाताऱ्या घोड्याला सोसत नाही.

पण घोड्याला किनाऱ्यावर फिरवायची फेरी दसऱ्याला ठेवू नका आणि ह्याचं कारण आपल्याला सगळ्यांना येतं त्या हिशोबात आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. दशमी म्हणजे दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे दसऱ्याला सकाळी साडेसातच्या सुमाराला पूर्ण भरती, संध्याकाळी पण साधारण तेव्हाच, आणि ओहोटी येणार ती भर दुपारी दीड वाजता. सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर उरते ती फक्त वरची कोरडी भुसभुशीत वाळू, त्यात पाय रुततो, प्रत्येक पावलाला मागच्या शिरांवर ताण येतो, तरण्या घोड्याला दम लागतो तिथे म्हाताऱ्याची काय गत. त्यापेक्षा फेरी पाच दिवस पुढे ढकला आणि कोजागिरीला करा. पौर्णिमेची भरती सव्वाअकराच्या आसपास, ओहोटी सव्वापाच-साडेपाचला, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी लांबपर्यंत मागे जातं, ओली घट्ट वाळू भरपूर मिळते आणि उन्हंही कलती असतात. म्हाताऱ्या सांध्यांना ह्याच्यापेक्षा चांगली जमीन आपल्याकडे नाही. डांबरी रस्ता कडक, जांभ्याची फरशी खरखरीत, शेताचा बांध उंचसखल.

आता तयारी, आणि ती निदान तीन आठवडे आधी सुरू करा. पहिलं काम डॉक्टरांना बोलावणं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा १९६२ हा टोल फ्री नंबर लावा, फिरतं पथक येतं. डॉक्टर आले की नुसतं "बघा हो जरा" म्हणू नका, चार गोष्टी मुद्दाम विचारा. दाढा तपासल्या का, खुरं आणि सांधे कसे आहेत, छातीचे ठोके नीट आहेत का, डोळे दिसतायत का. आणि धनुर्वाताची लस झालीय का ते बघून घ्या, घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो, आपल्या तबेल्यांत गंजलेले खिळे नि पत्रे काही कमी नसतात.

दाढांवर मी जरा जास्त लिहितो कारण म्हातारा घोडा बारीक होतो त्यात बऱ्याचदा दाढांचा हात असतो आणि लोक म्हणतात वयच झालं. घोड्याचा दात जन्मभर हिरडीतून वर सरकत असतो, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि चावून चावून तेवढाच झिजतो. पंचविशीच्या पुढे आतला साठाच संपत येतो, दाढ गुळगुळीत होते, हलते, पडते. त्याच्या आधी कडा धारदार होऊन गालाला नि जिभेला कापतात, त्या डॉक्टरकडून कानशीने घासून घ्यायच्या, म्हाताऱ्या घोड्याची दाढ वर्षातून एकदा-दोनदा बघितलीच पाहिजे. घरच्या घरी ओळखायचं कसं तर तो चरत असताना समोर बसा. गवताचा घास तोंडात घोळवतो, मग अर्धवट चावलेला ओला गोळा खाली टाकतो, परत दुसरा घास घेतो, परत टाकतो. गव्हाणीखाली असे गोळे दिसले की समजा दाढ गेली. लिदीत अख्खे हरभरे किंवा लांब लांब काड्या दिसल्या तरी तेच.

वजन टेपने काढता येतं. शिंप्याची टेप घ्या, पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०, आलं किलोमध्ये वजन. घेर १५० आणि लांबी १३५ असेल तर साधारण २५५ किलो, आपल्याकडचे बरेच तट्टू एवढेच असतात. दर महिन्याला त्याच वहीत लिहा. अंगावर मास किती आहे हे बघायला हेनेके ह्यांचा १९८३ चा १ ते ९ चा स्केल जगभर वापरतात, आपल्याला एवढं कळलं तरी पुष्कळ की बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत पण लांबून मोजता येऊ नयेत.

अजून एक, केस. आपल्या दमट हवेत घोड्याच्या अंगावर लांब दाट केस राहायचं काही कारण नाही. उन्हाळा आला तरी केस झडत नाहीत, पोट सुटलंय पण पाठीवरचं मास गेलंय, पाणी खूप पितो, सारखा लघवी करतो, असं असेल तर हा मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा आजार असू शकतो, इंग्रजीत त्याला कुशिंग म्हणतात, त्याच्यावर पर्गोलाइड नावाचं औषध आहे. ह्या घोड्याला गूळ, पेढे, साखर काही म्हणजे काही द्यायचं नाही, कारण त्याच्या खुरांना आतून सूज येते आणि ते दुखणं फार वाईट असतं. पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहिलेला दिसला तर दिवस-बिवस विसरा, लगेच डॉक्टर.

आणि पावसाळा संपल्यावर ताप येऊन जाऊन, अशक्त, खालून पोटाला सूज, तर सर्रा नावाचा आजार असू शकतो, चावऱ्या माश्यांमुळे होतो, रक्त तपासून घ्या. सगळं वयावर ढकलून गप्प बसू नका.

दुखण्याच्या गोळ्या-इंजेक्शनबद्दल एक हात जोडून विनंती. सांधे धरलेल्या घोड्याला कार्यक्रमाच्या दिवशी बरं वाटावं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून टोचू नका. जनावरांसाठी त्याच्यावर २००६ पासून बंदी आहे, ते औषध अंगात असलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. आपल्याच रायगड जिल्ह्यात म्हसळ्याच्या चिरगावला लोकांनी किती कष्टाने गिधाडं राखलीयत. घोड्याला चालणारी दुसरी औषधं आहेत, पण ती पण पोटाला नि मूत्रपिंडाला लागतात, वजनाप्रमाणे डॉक्टरच देतील.

नालबंद, म्हणजे नाल ठोकणारा, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी. सहा ते आठ आठवड्यांनी खुरं तासायलाच लागतात. म्हाताऱ्या घोड्याला पाय उंच धरवत नाही, नालबंद दादांना आधीच सांगा की पाय जमिनीपासून जेमतेम वर धरा, मधे मधे खाली ठेवू द्या, आणि त्याला मऊ जमिनीवर उभा करा. मागचा पाय ओढून घेतो म्हणजे द्वाड झाला असं नाही, त्याचं ढोपर दुखत असतं. काम बंद झालेल्या घोड्याला नाल लागतेच असं पण नाही, ते विचारून घ्या. पावसाळ्यात चिखलात उभा राहिलेला असेल तर खुराच्या तळाचा मधला त्रिकोणी मऊ भाग रोज साफ करा, टाचेकडून पुढे असं. काळा, घाण वासाचा चिकटा निघाला तर तिथे कुजायला लागलंय.

आता पोट, आणि ह्यात आपल्या किनाऱ्याची खास भानगड आहे ती म्हणजे वाळू. वाडीत किंवा सुरुच्या बनात जमिनीवर वैरण टाकली की घोडा गवताबरोबर वाळू गिळतो, ती आतड्यात साठते आणि एक दिवस पोट धरतो, लोळतो, जीव जातो. घरी बघायचं असेल तर ताज्या लिदीचे पाच-सहा गोळे, जमिनीला न लागलेले वरचेच, बादलीत घ्या, भरपूर पाणी घालून हाताने फोडा आणि पंधरा-वीस मिनिटं बादली हलवू नका. मग वरचं पाणी नि काड्या हळूच ओतून द्या. तळाला बोटं फिरवली की कळतं, चमचाभर रेती लागली तर डॉक्टरांना सांगा आणि त्या दिवसापासून वैरण जमिनीवर टाकायचं बंद. जुनी रबरी मॅट टाका, त्यावर मोठं घमेलं ठेवा. उंच टांगलेला तोबरा म्हाताऱ्याला नको, मान खाली घालून खाल्लं की त्याचं नाक-घसा मोकळा राहतो.

मेजवानी करायची, नक्की करायची, पण नवीन पदार्थ त्या दिवशी अचानक नको, आठ-दहा दिवस आधी चिमूटभरापासून सुरुवात करून वाढवत न्या. घोड्याचं पोट बदल सहन करत नाही. आमच्याकडे जे करतात ते सांगतो. कुळीथ रात्री भिजवून सकाळी अगदी मऊ शिजवायचे, दोन मुठी पुरे, हाताने कुस्करायचे. त्यात भरडलेले भिजवलेले जव, ओंजळभर गव्हाचा कोंडा, किसलेलं गाजर, चिमूटभर मीठ, आणि कोमट पाणी घालून सगळं पेजेसारखं सैल करायचं. दात नसलेला घोडा पण चाटून पुसून खातो, खाताना नाकाने जो फुर्र फुर्र आवाज करतो तो ऐकायला घरातले सगळे उभे राहतात. कोंडा मात्र रोज ढीगभर नको, त्यात फॉस्फरस जास्त, हाडांतलं कॅल्शियम जातं. आणि चंदी म्हणून सुका हरभरा वर्षानुवर्षं दिला असेल तरी आता भिजवूनच द्या, सुकं भराभर गिळलं की घशात अडकतं आणि नाकातून चारा-पाणी यायला लागतं. तसं झालं तर खायला-प्यायला सगळं काढून घ्या, मान खाली राहू द्या आणि डॉक्टर बोलवा, तोंडात पाणी ओतू नका.

रोजच्या वैरणीत भाताचा पेंढा आपल्याकडे फुकट मिळतो म्हणून तोच घालतात पण त्यात दम नसतो आणि तो चावायला चिवट. चांगलं सुकं गवत कुट्टी करून भिजवून, त्यात थोडा लसूणघास, असं दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे अडीचशे किलोच्या तट्टाला चार-पाच किलो सुक्या हिशोबाने, चार-पाच वेळा थोडं थोडं. पाणी सतत समोर.

पाहुणे येताना प्रेमाने काहीतरी घेऊन येतात, तिथे एक माणूस नेमा जो सगळं आपल्या हातात घेईल. केळं चालतं, कलिंगडाची फोड चालते, गाजर-सफरचंद किसून किंवा पातळ लांब चिरून. पुरणपोळी, पाव, बिस्किटं, पेढे नको. आणि कांदा अजिबात नको, पांढऱ्या कांद्याच्या वेण्या सगळीकडे टांगलेल्या असतात, कोणी सोललेल्या पाती नि टाकाऊ कांदे घोड्यासमोर टाकतं, त्याने घोड्याचं रक्त फुटतं. हे अलिबागकरांना मुद्दाम सांगतोय.

सजावट. झेंडूचा हार घाला की, पण सैल, आणि फोटो झाला की काढा, तो मान वळवून फुलं खाणारच आणि फुलांबरोबर दोरा गिळणार. तोरणात कण्हेर चुकूनही नको. अंगणात असते, फुलं सुंदर दिसतात, हाताशी असते म्हणून लोक ओवतात, पण लाल-पांढरी कण्हेर असो की पिवळी बिट्टी, थोडीशी पानंसुद्धा घोड्याचं हृदय बंद पाडायला पुरतात, वाळलेली पण. तबेल्याच्या कुंपणाला असेल तर ती आधी काढा, तण म्हणून वाढलेली घाणेरीही काढा. गुलाल नको, डोळ्यात जातो. पांढऱ्या घोड्याला मेंदी काढतात ती घरची वाटलेली हिरवी असू दे, कोनातली काळी नको. कपाळाला हळदकुंकवाचं बोट, अयाळीची सैल वेणी, पाठीवर धुतलेली सुती झूल, एवढ्यात घोडा राजा दिसतो. घंटा-घुंगरू त्याला टांग्याच्या काळापासून सवयीचे असतील तर बांधा.

आदल्या दिवशी खरारा, म्हणजे अंग घासून साफ करणं. मला विचाराल तर ह्या सगळ्यात घोड्याला सगळ्यात आवडतं ते हेच, आणि इथे घाई करू नका, अख्खी सकाळ ठेवा. म्हाताऱ्याची कातडी पातळ असते, हाडं वर आलेली असतात, म्हणून लोखंडी खरारा फक्त मासल जागी आणि तिथेही हलक्या हाताने, कणा, कंबर, गुडघ्यांवर मऊ ब्रश नाहीतर काथ्या. मानेच्या खाली, खांद्याच्या वर, शेपटीच्या मुळाशी खाजवलं की तो वरचा ओठ लांब करून हलवायला लागतो, डोळे अर्धे मिटतो, मान तुमच्याकडे टाकतो. घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीने करा, आजोबांना खुर्ची द्या. हात फिरवताना गाठ, जखम, पाठीवरच्या केसांखाली खपल्या लागतायत का बघा, पावसाळ्यानंतर अशा खपल्या बऱ्याचदा असतात. मग उन्हात कोमट पाण्याची आंघोळ, साधं पाणी पुरे, आणि नंतर नीट निपटून पुसा.

पाहुण्यांबद्दल. थोडे बोलवा. ज्यांनी त्याला चारा घातलाय, ज्यांनी त्याच्या टांग्यात बसून शाळा केली, जुना नालबंद, जुने गिऱ्हाईक असले तर ते. दुसरे घोडे मिरवणुकीला आणायचा मोह होतो पण बाहेरगावचे नको, ग्लँडर्स म्हणजे शेंबा रोग अजून आपल्या देशातून गेलेला नाही, तो माणसाला पण होतो आणि शंका आली तर सरकारी दवाखान्याला कळवणं बंधनकारक आहे. रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जातात. रोजच्या सोबतीचा घोडा, शेळी, जे काही त्याच्या तबेल्यात असेल ते मात्र शेजारीच ठेवा, सोबती दिसेनासा झाला की म्हातारा घोडा कावराबावरा होतो. डोळ्याने कमी दिसत असेल तर पोरांना शिकवा, आधी आवाज द्यायचा "राजा, आलो रे", मग खांद्याकडून जायचं, हात मानेवर ठेवायचा, मागून कधीच नाही. एकावेळी दोन-तीनच पोरं. पाठीवर कोणीही बसायचं नाही, फोटोपुरतं पण नाही. फटाके, ढोल, ड्रोन नको. अर्धा-पाऊण तास झाला की घोडा सावलीत आणि माणसं जेवायला.

कोजागिरीच्या फेरीला तो पुढे आणि तुम्ही त्याच्या चालीने. वीस मिनिटं पुरतात. आवडत असेल तर घोट्याभर पाण्यात थोडा वेळ उभा राहू द्या, गार वाटतं, पण घरी येऊन गोड्या पाण्याने पाय धुवा आणि खुरातली वाळू काढा. घाम येतोय ना ते बघा. आपल्या दमट हवेत काही घोड्यांचा घाम बंद होतो, कातडी कोरडी, नाकपुड्या फुगलेल्या, धाप थांबत नाही. असं दिसलं तर तिथेच थांबा, सावली, अंगावर पाणी ओतत राहा, निपटत राहा, परत ओता.

आता वही. ही गोष्ट सगळ्यात कमी लोक करतात आणि माझ्या मते ह्याच्यावाचून दिवस अपुरा. इंग्लंडात ओल्ड बिली नावाचा घोडा होता, १७६० साली वॉरिंग्टनजवळच्या वूल्स्टनला जन्मला, आयुष्यभर नदी-कालव्यातल्या नावा ओढायचं काम केलं आणि २७ नोव्हेंबर १८२२ ला गेला, ६२ वर्षांचा. आजपर्यंत नोंद झालेला सगळ्यात दीर्घायुषी घोडा. कुठल्या राजाचा नव्हता, आपल्या टांग्याच्या घोड्यासारखाच कामकरी. त्याची कवटी मँचेस्टरच्या म्युझियममध्ये आहे. त्याचं वय आज आपल्याला माहीत आहे ते त्याच्या माणसांनी त्याचा जन्म लक्षात ठेवला, चित्रं काढून घेतली, लिहून ठेवलं म्हणून. आपले घोडे किती जगले, काय काय केलं, ह्याची कुठे ओळ पण नाही.

तर त्या दिवशी सगळे जमलेत तोवर मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि विचारा. कुठून आणला, केवढ्याला, कोण गेलं होतं आणायला. पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा काय केलं. कुठल्या पावसात टांगा अडकला होता. कोणाला जवळ येऊ देत नव्हता. लोकं सुरुवातीला लाजतात, मग एकाने सुरू केलं की थांबत नाहीत, आमच्याकडे एक मावशी एरवी चार शब्द बोलत नाही ती घोड्याबद्दल अर्धा तास बोलली. हे नंतर वहीत उतरवा. त्याच वहीत वय, वजन, दाताचा फोटो, दोन्ही बाजूंनी आणि समोरून फोटो, अंगावरचे भोवरे आणि पांढरे पट्टे, झालेले आजार, लसी, औषधं. खुराचा ठसा घ्यायचा असेल तर गेरू पाण्यात कालवून जाड कागदावर. काढलेली नाल धुऊन तेल लावून तारीख चिकटवून ठेवा, खाऱ्या हवेत तशीच ठेवली तर वर्षात गंजून जाते.

आणि दिवस साजरा करून दुसऱ्या आठवड्यात त्याला परत टांग्याला जुंपायचं असेल तर ह्या सगळ्याला काही अर्थ नाही. घरातल्या सगळ्यांसमोर ठरवा की आता ह्याचं काम बंद, किंवा अगदी हलकं. एकदम खुंट्याला बांधून ठेवू नका, सांधे आखडतात, रोज सकाळ-संध्याकाळ मोकळं चालणं पाहिजे. खर्च येतो हे मला माहीत आहे, सीझन नसला की घरच कसंबसं चालतं, म्हणून तरण्या घोड्याच्या कमाईतून म्हाताऱ्याच्या चाऱ्याचा वेगळा डबा काढा, वाडीवाल्यांकडून गवत उचला, लीद नारळ-सुपारीच्या वाडीला सोन्यासारखी लागते त्याचा बदला करा. विकू नका, आणि कुठे लांब नेऊन सोडून तर देऊच नका, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा पण आहे.

शेवटाचं बोलणं पण ह्याच दिवसांत घरात करून ठेवा, अवघड आहे तरी. बसला की उठवत नाही, खाणं सोडलं, दुखणं औषधाने जात नाही, तर डॉक्टरांकडून शांतपणे सोडवायचं की नाही हे आधी ठरलेलं असलं की त्या रात्री भांडणं होत नाहीत. जागा कुठली, ग्रामपंचायतीशी बोलणं, विहिरीपासून लांब, पावसात आपल्याकडे दोन फुटांवर पाणी लागतं तेव्हा उंचावरची जमीन, खोल खड्डा. इंजेक्शन देऊन झोपवलेला असेल तर उघड्यावर कधीच टाकायचा नाही, ते खाणारं कुत्रं, कोल्हं, गिधाड सगळं मरतं.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी तबेल्यात जा. लीद रोजच्याएवढी आहे का, पाणी किती प्यायलाय, घमेल्यात खाणं उरलंय का बघा. ताप मोजा, ३७.५ ते ३८.५ सेल्सिअसमध्ये पाहिजे. जबड्याच्या खाली आतल्या बाजूला बोट ठेवून नाडी मोजा, शांत उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४. पोटाकडे सारखं वळून बघत असेल, पाय आपटत असेल, लीद केलीच नसेल तर वाट बघू नका, १९६२ लावा. सगळं ठीक असेल तर आकडे वहीत लिहा, पुढच्या नालबंदाची तारीख टाका आणि त्याला चरायला सोडा.